गोधडीच्या पोटात काय होतं

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात, शनिवारी सकाळी साडेनऊला, मुळशी धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टच्या खोलीत नमुन्याच्या गोधडीला तीन ठिकाणी कोंब फुटलेले आढळले. मधोमध भाताचे चार, एका कोपऱ्यात ज्वारीचे दोन, आणि समोरच्या कोपऱ्यात दोऱ्याने भरलेल्या माशाच्या पोटातून आलेला हरभऱ्याचा एक. गोधडीबरोबर छापील कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं: “या गोधडीत सात जुन्या सुती साड्या, एक धोतर आणि सुती दोरा आहे. दुसरं काहीही नाही.” कार्डावरचा मजकूर माझा होता.

वर्तमानपत्रातून उपसंपादिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी कोळवणला एका घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. नोकरीतली बरीच वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासण्यात गेली. त्यामुळे कार्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं यात नवल नव्हतं. घरमालकीण साठी ओलांडलेली. भाताची खाचरं तिची, पुढची पडवी तिची, आणि पडवीत कोणी कुठे बसायचं हा निर्णयही तिचा. माझ्या शेजारच्या खोलीत बिहारहून आलेलं एक जोडपं मुलीसह राहत होतं. नवरा बांधकामांवर फरशी बसवायचा, मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होती. तिसरी बाई लातूरकडची. तिचा नवरा वरच्या अंगाला एका फार्महाउसवर राखणदार होता. मालक शनिवार-रविवारी येत. उरलेले पाच दिवस ती दुपारची आमच्या पडवीत असे.

शिवणाची सुरुवात एका फाटक्या पांघरुणावरून झाली. बिहारची बाई मागच्या ओट्यावर बसून मुलीचं पांघरूण सांधत होती. घरमालकीण जाता जाता थांबली, वाकली आणि तिने टाक्यांवरून बोट फिरवलं.

“टाकं बारीक हायेत,” ती म्हणाली. “पर किती बारीक? मुंगीला चालायला तरी वाट ठिव की गं.”

बिहारच्या बाईला तेव्हा मराठी येत नव्हतं. तिने हे कौतुक धरलं. पुढे वर्षभरात तिला मराठी आलं, पण ते सगळं घरमालकिणीकडून आलेलं होतं. ती वाक्य हिंदीत सुरू करायची आणि मावळात संपवायची. “काकी, यह वाला लाल लई चांगला हाय,” असं. एकदा पौडच्या स्टँडवर एका म्हातारीने तिला गाव विचारलं. तिने दरभंगा सांगितलं. म्हातारीने ते मुळशीत कुठल्या अंगाला येतं म्हणून विचारलं.

जुन्या साड्या फार्महाउसवाल्या बायका आणून द्यायच्या. घरमालकीण प्रत्येक साडीचा एक दोरा ओढून काडीने पेटवायची. राख झाली तर साडी ठेवायची, वितळून गोळी झाली तर परत. एका बाईने दिलेल्या भारी साडीचा दोरा तिने त्या बाईच्या देखतच पेटवला. दोरा वितळला.

“ही पलॅस्टिक हाय,” तिने सांगितलं. “सुती म्हनून कुनी दिली तुमाला?”

साडी बाईच्या सासूने दिलेली होती. त्या दिवशी ती फार समाधानाने घरी गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याची एक संस्था पडवीत एक दिवसाची कार्यशाळा घेऊन गेली. भाषणं झाली, चहा झाला, फोटो झाले. मागे एक फ्लेक्स राहिला: “पारंपरिक शिवणकलेतून स्थलांतरित महिलांचे सक्षमीकरण”. घरमालकिणीने तो पडवीच्या पश्चिम बाजूला बांधला, कारण पाऊस तिकडून आत यायचा. बांधताना तो उलटा बांधला गेला, अक्षरांचं डोकं खाली आणि पाय वर. फ्लेक्सचा उपयोग झाला याबद्दल तिघींचं एकमत होतं. पाणी आत येत नव्हतं.

कार्यशाळेचे फोटो बघून रिसॉर्टची मॅनेजर आली. पुण्याची, तिशीच्या आतली, बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडा-दगडांवरून चालणारी. तिला खोल्यांसाठी दहा गोधड्या हव्या होत्या. आधी एक नमुना, तो पसंत पडला तर दहा, आणि पुढच्या हंगामात आणखी. गोधडीत काय काय आहे हे सांगणारं कार्ड बरोबर पाहिजे, पाहुण्यांना ते वाचायला आवडतं, असंही तिने सांगितलं.

“पावसात गोधडी कुनी शिवतं का?” घरमालकीण म्हणाली. “हे काम उन्हाळ्याचं. धुतली तर वाळायची कशी?”

“आमच्याकडे मशीन आहे, काकू.”

“मशीन वाळवती व्हय?”

“पिळून देते.”

“पिळायला मला बी येतंय.”

त्याच आठवड्यात बिहारच्या बाईच्या नवऱ्याला ठेकेदाराने सांगितलं की नागपंचमीनंतरच्या मंगळवारी सगळी टोळी सुरतेच्या बाजूला नव्या कामावर हलणार. बाईला जायचं नव्हतं. मुलीची ही तिसरी शाळा होती आणि इथे ती पहिल्यांदाच एका वर्गातून पुढच्या वर्गात त्याच शाळेत गेली होती. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. दहा गोधड्यांचं काम पक्कं झालं तर मायलेकी इथे राहतील आणि तो येऊन-जाऊन राहील. नाही झालं तर मंगळवारी तिघंही गाडीत बसतील. बाईने पडवीत हे एवढ्याच शब्दांत आटोपलं: “नमुना पास, तो हम हितं. फेल, तो सुरत.”

“मग नीट शिव,” घरमालकीण म्हणाली, आणि तिला सगळ्यात उजेडाची जागा दिली. तोपर्यंत ती जागा घरमालकिणीची स्वतःची होती.

गोधडी कडेने सुरू होते. साड्यांचे थर जमिनीवर अंथरून, चार कोपऱ्यांना दगड ठेवून, बायका आपापल्या बाजूने टाके घालत मध्याकडे सरकतात. मध्याचं शेवटचं ठिगळ घरमालकीण लावणार हे ठरलेलं होतं. कोपरे बाकीच्या दोघींचे. बिहारच्या बाईने तिच्या कोपऱ्यात मासा भरायला घेतला.

“ह्यो कंचा मासा?” घरमालकिणीने विचारलं.

“मछली हाय, काकी.”

“ते दिसतंय. कटला का रोहू? आमच्या धरणात असल्या तोंडाचा मासा न्हाई.”

“हमारे पोखर में, तलाव में हाय.”

“तितं काय खातो ह्यो? तोंड बघ किती उगडं.”

लातूरची बाई म्हणाली, “मावशी, आमच्याकडं पाणीच न्हाई. मला मासा वळखू येत न्हाई. कसाबी चालंल बगा.”

मासा उघड्या तोंडाने राहिला. गोधडी पूर्ण झाल्यावर मी कार्डासाठी तिघींना वेगवेगळं गाठलं. कापड कुठलं, दोरा कुठला, आणि आणखी काही आहे का, असे तीन प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाला घरमालकीण म्हणाली, “आनि काय असनार?” लातूरची म्हणाली, “कुटं काय.” बिहारच्या बाईने नकारार्थी मान हलवली. तिघींनी एकमेकींशी न बोलता एकच उत्तर दिलं होतं. आमच्या धंद्यात तेवढ्यावर पहिल्या पानाची बातमी गेलेली आहे.

कोंब सापडले त्या शनिवारी अकराच्या सुमारास मॅनेजर जीपने आली. गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत होती आणि पिशवी तिने अंगापासून लांब धरली होती. तिने सांगितलेला घटनाक्रम असा: सोमवारी, रंग जातो का हे बघायला, गोधडी मशीनमध्ये धुतली. रंग गेला नाही. व्हरांड्यात वाळत घातली. वाळली नाही. शुक्रवारी तशीच दमट खोलीत ठेवली. शनिवारी उघडली.

“काकू, आम्हाला ऑरगॅनिक हवं होतं,” ती म्हणाली, “पण इतकं नाही.”

घरमालकिणीने गोधडी पडवीत पसरली, चष्मा लावला आणि मधल्या कोंबांकडे वाकून बघितलं.

“ह्यो माझा,” ती म्हणाली. “इंद्रायनी. बघा कसा सरळ आलाय. यंदा वाफ्यात निम्मं बी कुजलं माझं. आनि हितं चारातलं चार आलं.”

“तुमचा म्हणजे?” मी विचारलं.

“पोटात घातलेला.”

मग समजलं ते असं. गोधडी शिवत मध्यापर्यंत आली की शेवटचं ठिगळ बंद करण्याआधी त्याखाली चार दाणे ठेवतात. गोधडीचं पोट रिकामं ठेवत नाहीत. उपाशी गोधडी पांघरली तर माणसाची झोप भरत नाही, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं.

“मी विचारलं होतं ना, आणखी काही आहे का?”

“तुमी कापडाचं इचारलं. जेवनाचं कुटं इचारलं?”

तक्रार रास्त होती. मी ती लिहून घेतली.

ज्वारीचा उलगडा लातूरच्या बाईने आपणहून केला. त्या शनिवारी तिचे मालक आले नव्हते, म्हणून तीही पडवीत होती. मावशी भात घालणार हे तिला माहीत होतं. “पर भातानं कुटं पोट भरतंय, ताई? तासाभरात पुन्ना भूक. म्हनून मी आपली ज्वारी घातली. दोनच दानं.”

“माझ्या भाताला नावं ठिवती?” घरमालकीण म्हणाली. “ह्याच पडवीत बसून?”

“नावं न्हाई ओ मावशी. आदार म्हनून घातली.”

मग सगळ्यांनी माशाकडे बघितलं. हरभऱ्याचा कोंब बाकीच्यांपेक्षा जाड होता. तो जुनं लुगडं फोडून बाहेर आला होता आणि एका बाजूला वाकला होता. बिहारची बाई खांबाला टेकून उभी होती.

“मछली का पेट अलग हाय,” ती म्हणाली.

तिने मॅनेजरला विचारलं, “दीदी, नमुना फेल?”

मॅनेजरने मालकांना फोटो पाठवला होता. मालकांनी एक संधी दिली होती. पुढच्या शनिवारी सकाळी नवा नमुना द्यायचा. रिसॉर्ट तो धुऊन ओलाच ठेवून बघणार. “त्यातून काहीही उगवलं,” मॅनेजर म्हणाली, “तर ऑर्डर कॅन्सल. मग दुकानातून रजया घेऊ. काकू, प्लीज, यावेळी आत काही घालू नका.”

“माझ्या पडवीतनं उपाशी गोधडी भायेर जानार न्हाई,” घरमालकीण म्हणाली.

जीप गेल्यावर तिने भाताची चारही रोपं मुळासकट अलगद सोडवली आणि खाचराच्या कडेला नेऊन लावली. ज्वारी आणि हरभरा शेळीला गेला.

नवी गोधडी रविवारी अंथरली. यावेळी साड्या आठ होत्या, धोतर नव्हतं. वेळ कमी होता, कारण शुक्रवारी नागपंचमी. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही आणि सुई धरायची नाही. म्हणजे मध्याचं ठिगळ गुरुवारी दिवस मावळायच्या आत बंद व्हायला हवं होतं. टाक्यांची अडचण नव्हती. बिहारची बाई सकाळी मुलगी शाळेत गेली की बसायची आणि पाठ धरेपर्यंत उठायची नाही. अडचण पोटाची होती, आणि तीन दिवस ती कोणी काढली नाही.

बुधवारी मी मध्यस्थी केली. दाण्यांऐवजी कागदाच्या चिठ्ठीवर “भात” असं लिहून ती आत ठेवावी, असं सुचवलं.

“तुमाला रात्री कागदावर लिवून जेवन देऊ का?” घरमालकिणीने विचारलं.

मी सूचना मागे घेतली. बिहारच्या बाईने तिच्या बाजूने प्रयत्न केला. “काकी, एक बार खाली पेट. दस मिल गया तो दसों को खिलाऊंगी.”

“पयलीलाच उपाशी धाडायची? आनि बाकीच्या दहांनी बघत बसायचं?”

“काकी, मंगलवार को गाडी हाय.”

“मला ठावं हाय मंगळवारी काय हाय,” घरमालकीण म्हणाली. तिने सुईत दोरा ओवायला घेतला. तो तिला पाच-सहा वेळा ओवता आला नाही. शेवटी बिहारच्या बाईने ओवून दिला.

गुरुवारी दुपारी चारला मधलं ठिगळ सोडून सगळी गोधडी झाली होती. बिहारची बाई आणि लातूरची बाई ठिगळाच्या दोन बाजूंना बसून होत्या. घरमालकीण पडवीच्या टोकाला चुलीवर दुसऱ्या दिवसासाठी साळीच्या लाह्या फोडत होती. कढईत गरम वाळू, वाळूत साळ, आणि वरून खराट्याने हलवणं. फुटलेल्या लाह्या उडून पडवीभर पडत होत्या. एक गोधडीवर पडली. बिहारच्या बाईने ती उचलली, झटकणार होती, थांबली, आणि बोटांत फिरवून बघितली.

“काकी,” तिने विचारलं, “यह बोएंगे तो उगेगा?”

“लाही पेरून कवा काय उगवतं का? येडी का काय...”

घरमालकिणीचा खराटा थांबला. साळ फुटत राहिली. तिने कढई खाली उतरवली, पदराने हात पुसले आणि गोधडीजवळ येऊन बसली. लाही तिने स्वतःच्या तळहातावर घेतली.

“उद्या नागाला ह्येच ठिवायचं,” ती म्हणाली. “नागाला चालतंय, तर गोधडीला न चालायला काय झालं?”

लातूरची बाई उठली, छत्री उघडली आणि फार्महाउसच्या वाटेला लागली. वीस मिनिटांनी ती ज्वारीच्या लाह्या घेऊन आली. तिने त्या सकाळीच फोडून डब्यात भरल्या होत्या. बिहारच्या बाईने खोलीतून फुटाण्यांची बरणी आणली.

“माशाचं काय?” घरमालकिणीने विचारलं. मासा याही गोधडीवर होता, तोंड तसंच उघडं.

“भुना चना चलेगा.”

“इचारलं का त्याला?”

“खाता हाय, काकी. सब खाता हाय.”

यावेळी मी समोर बसून मोजलं. मध्याच्या ठिगळाखाली साळीच्या लाह्या चार, ज्वारीच्या दोन. माशाच्या पोटात एक फुटाणा. फुटाणा अंगाला टोचेल अशी शंका लातूरच्या बाईने काढली, म्हणून तो दाताने फोडून अर्धा ठेवला. उरलेला अर्धा घरमालकिणीने खाल्ला. ठिगळ पावणेसहाला बंद झालं. सुया मावळतीच्या आत डब्यात गेल्या.

शनिवारी मॅनेजर आली. तिने गोधडी पडवीतच सतरंजीवर पसरली, हाताने सगळीकडे दाबून बघितली आणि मग त्यावर आडवी झाली. मध्याखाली काहीतरी कुरकुरलं.

“काकू, आवाज येतोय.”

“पोट भरलं की येतोच.”

“म्हणजे आत परत काहीतरी आहे?”

घरमालकिणीने काय आहे ते सांगितलं, आकड्यांसह. मॅनेजर उठून बसली. “पण उगवणार नाही ना?”

“उगवलं तर मला बोलव. लाहीला कोंब आला, तर जल्मभर तुझ्या हाटेलात भांडी घासीन.”

“मालकांना काय सांगू?”

“सांग, नागाचा परसाद हाय. न्हाई म्हनायची ताकद हाय का त्यांच्यात?”

मी नवं कार्ड दिलं. त्यावर असं लिहिलं होतं: “या गोधडीत आठ जुन्या सुती साड्या आणि सुती दोरा आहे. पोटात साळीच्या लाह्या चार, ज्वारीच्या लाह्या दोन. माशाच्या पोटात अर्धा फुटाणा. दुरुस्ती: आधीच्या कार्डावर ‘दुसरं काहीही नाही’ असं म्हटलं होतं. ते चूक होतं.” आधीचं कार्ड कोणीच वाचलेलं नाही, तेव्हा दुरुस्तीची गरज नाही, असं मॅनेजरचं म्हणणं पडलं. मी सांगितलं की हे कारण मी नोकरीतही कधी मान्य केलं नव्हतं. दुरुस्ती राहिली.

गोधडी त्याच दिवशी दुपारी धुतली गेली आणि ओली ठेवली गेली. रविवारी काही कळलं नाही. सोमवारी सकाळी बिहारच्या बाईने शाळेत जाऊन मुलीचा दाखला मागितला. गुरुजींनी दुपारी या म्हणून सांगितलं. दुपारी ती गेली नाही. भांड्यांचं एक बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं होतं. घरमालकिणीने येता-जाता ते पायाने दोनदा आत सरकवलं, आणि नवऱ्याने दोनदा बाहेर आणून ठेवलं.

संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या फोनवर मॅनेजरचा फोन आला. मी तो पडवीत मोठ्या आवाजावर लावला.

“मॅम, काही उगवलं नाही,” ती म्हणाली. “दहा कन्फर्म. फक्त एक सांगायचं होतं, मालकांच्या मिसेसना मासा आवडलाय. दहाही गोधड्यांवर मासा पाहिजे.”

“कंचा मासा ते इचारा,” घरमालकीण पडवीच्या टोकावरून ओरडली. “कटला का रोहू?”

“कोण बोलतंय?”

“वही वाला,” बिहारची बाई फोनजवळ येऊन म्हणाली. “दीदी, वही वाला बनाऊंगी.”

मंगळवारी सकाळी सव्वासातला ठेकेदाराची गाडी पौडच्या स्टँडजवळून निघाली. नवरा त्या गाडीत होता. भांड्यांचं बोचकं गाडीत नव्हतं. साडेदहाला मुलगी शाळेत गेली. अकराला बिहारची बाई पडवीत आली, उजेडाच्या जागेवर बसली आणि दहातल्या पहिल्या गोधडीची कड तिने शिवायला घेतली.